काळीज बदललेल्या गाडीची कहाणी

दिवाळी अंकात मोटारीच्या इंजिनाची गोष्ट म्हटल्यावर, फराळाच्या ताटाशेजारी कुणी वंगणाचा डबा आणून ठेवावा तसे काही वाचकांना वाटेल. पण ज्या घरात एके काळी अँबॅसडर होती, किंवा मामांकडे होती, किंवा निदान लग्नाच्या वरातीपुरती भाड्याने आणलेली होती, त्या घराचे या गोष्टीशी दूरचे का होईना, नाते आहे. उत्तरपाड्याच्या हिंदुस्थान मोटर्सने १९५० च्या दशकाच्या अखेरीपासून अँबॅसडरमध्ये जे १४८९ घनसेंटिमीटरचे पेट्रोल इंजिन बसवले, ते मूळचे विलायतेतील ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनचे, ‘बी’ मालिकेतील. आणि तेच इंजिन, थोडी अधिक तालीम देऊन, १९५५ साली निघालेल्या एम्.जी.ए. नावाच्या दोन माणसांच्या सडपातळ स्पोर्ट्स गाडीत घातलेले होते. आपल्याकडे जे सात माणसे, दोन ट्रंका आणि एक हंडा घेऊन घाट चढत होते, त्याचाच सख्खा भाऊ तिकडे शर्यतीत धावत होता.

इंजिन बदलण्याचा उद्योगही आपल्याला परका नाही. पेट्रोल महागत गेले तसे कित्येक अँबॅसडरांमधले पेट्रोल इंजिन उतरवून तिथे डिझेल इंजिन चढवले गेले. काही मिस्त्री हे काम इतके चोख करीत की गाडी जन्मतःच तशी असावी असे वाटे. काही ठिकाणी मात्र गाडी सुरू केली की पुढचा आरसा असा थरथरू लागे की मागून येणारी एक मालमोटार चार दिसावी. इंजिन तेच आणि गाडीही तीच. फरक फक्त ते कुठे, किती उंचीवर आणि कशावर टेकवले याचा.

ज्या बिघडलेल्या इंजिनबदलाची गोष्ट मला सांगायची आहे, तो असा रस्त्याकडेच्या गॅरेजात झालेला नाही. तो खुद्द कारखान्यात, पगारी इंजिनिअरांच्या देखरेखीखाली झाला आणि दुरुस्त झाला तो मात्र एका छोट्या गॅरेजवाल्यामुळे. म्हणूनच ती सांगण्यासारखी आहे.

एम्.जी. म्हणजे मॉरिस गॅरेजेस. ऑक्सफर्ड गावात विल्यम मॉरिसचा मोटारी विकण्या-दुरुस्त करण्याचा धंदा होता आणि १९२२ मध्ये सिसिल किंबर हा त्याचा व्यवस्थापक झाला. साध्या मॉरिस गाडीवर देखणा सांगाडा चढवावा, इंजिनाला जरा धार लावावी आणि तरुणांना परवडेल अशा किमतीत वेगाची चैन विकावी, ही कल्पना त्याची. १९२९ साली हा उद्योग ऑक्सफर्डजवळच्या ॲबिंग्डन या लहानशा गावात, एका कातडी कमावण्याच्या कारखान्याच्या आवारात गेला आणि पुढची एक्कावन्न वर्षे तिथेच राहिला. किंबरला मात्र १९४१ मध्ये वरिष्ठांशी बिनसल्यामुळे बाहेर पडावे लागले आणि १९४५ च्या फेब्रुवारीत लंडनच्या किंग्ज क्रॉस स्थानकाजवळ झालेल्या आगगाडीच्या अपघातात तो गेला. वेगवान मोटारींत जन्म घालवलेल्या माणसाला मृत्यू यावा तो आगगाडीत आणि तीही नुकती कुठे हलू लागलेली! असो. एम्.जी.चे अष्टकोनी चिन्ह आज आपल्याकडेही रस्तोरस्ती दिसते. पण गुजरातेत हालोलला तयार होणाऱ्या या गाड्यांचा ॲबिंग्डनशी नावापलीकडे संबंध उरलेला नाही. ते नाव आता चिनी कंपनीकडे गेले आहे.

ॲबिंग्डनचे एक दुखणे पहिल्यापासून होते. या कारखान्याजवळ स्वतःचे इंजिन कधी नव्हते. मोठ्या घरातल्या धाकट्या सुनेसारखी त्याची स्थिती. सासूबाई डब्यातून जे काढून देतील त्यातच रांधायचे. इंजिन कधी ऑस्टिनकडून, कधी मॉरिसकडून यायचे, सांगाडा दुसरीकडून यायचा, आणि ॲबिंग्डनच्या लोकांनी त्यातून रुचकर काहीतरी करून दाखवायचे. ते त्यांनी वर्षानुवर्षे करून दाखवले. मुख्य अभियंता सिड एनेव्हर हा असा माणूस होता की हातात येईल त्यातून गाडी घडवावी, आणि घडवलेली गाडी नीट चालावी.

१९६२ साली आलेली एम्.जी.बी. ही त्याची सर्वांत यशस्वी कृती. तिला वेगळी चासी नव्हती. पत्र्याचा सांगाडाच भार पेलत असे. त्यामुळे ती आधीच्या गाडीपेक्षा आखूड असूनही आत ऐसपैस होती. ‘बी’ मालिकेतलेच इंजिन वाढवून १७९८ घनसेंटिमीटरचे केले होते. शक्ती ९५ अश्वांची, वेग ताशी शंभर मैलांच्या थोडा वर. १९६५ मध्ये तिची छप्पर असलेली, मागे उघडणाऱ्या दाराची जीटी ही बहीणही आली. अमेरिकेत तर या गाडीवर उड्या पडल्या. लोक मात्र लवकरच म्हणू लागले की गाडी गुणाची आहे, पण अंगात आणखी थोडा जोर हवा.

जोर हवा म्हटले की मोठे इंजिन हवे, हे कुणालाही सुचते. पण मोठे इंजिन म्हणजे जड इंजिन, आणि इथे खरी मेख आहे. बैलगाडीत माल भरणारा जुना माणूस पोती कशी लावतो ते पाहावे. सारी पोती मागे रचली तर गाडी उलार होते, जू वर उचलले जाते आणि बैलांच्या गळ्याला फास बसतो. सारी पुढे रचली तर मानेवर ओझे येऊन बैल पाय टाकीनासे होतात. पोती तेवढीच, पण चाकांच्या आसाच्या मागेपुढे ती कशी वाटली यावर बैल दहा कोस जाणार की दोन कोसांत बसकण मारणार हे ठरते. मोटारीचे तसेच आहे. नाकावर भार वाढला की वळणावर चाक कितीही फिरवा, गाडी आपली सरळच जाऊ पाहते. आणि चालवणाऱ्याच्या हातांना जो हुकूम पाळला गेल्याचा आनंद मिळायचा, तोच नाहीसा होतो. स्पोर्ट्स गाडीत तर त्या आनंदाचेच पैसे मोजलेले असतात.

त्या सुमारास मोठे इंजिन कोंबण्याचा एक खटाटोप दुसऱ्या एका कंपनीत पार पडलेला होता आणि तो इतका गमतीचा आहे की तो सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. रूट्स कंपनीची सनबीम आल्पाइन ही गाडी दिसायला सुरेख, पण अंगाने अशक्त. तिच्या अमेरिकेतल्या पश्चिम किनाऱ्याच्या व्यवस्थापकाने, इयान गॅरॅडने, आपल्या हाताखालच्या माणसाला लाकडी गजपट्टी देऊन निरनिराळ्या मोटारींच्या दुकानांत पाठवले. कुठले इंजिन आपल्या गाडीच्या खोबणीत बसेल ते मोजून ये, एवढाच हुकूम. फोर्डचे आठ सिलिंडरांचे इंजिन बसेल असे त्या पट्टीने सांगितले आणि कॅरोल शेल्बीने ते बसवून दिले. १९६४ साली सनबीम टायगर बाजारात आली. पण जागा एवढी काटेकोर की जेन्सन कंपनीच्या कारखान्यात, इंजिन आत सरकावे म्हणून रंगवून तयार झालेल्या सांगाड्याच्या पत्र्याला घण मारून पोचा पाडावा लागे. आणि इंजिनाचा एक प्लग असा कोपऱ्यात गेला होता की तो बदलण्यासाठी गाडीच्या आतल्या बाजूने पत्र्याला भोक ठेवावे लागले. पुढे रूट्स ही क्रायस्लरच्या ताब्यात गेली. क्रायस्लरच्या गाडीत फोर्डचे इंजिन, हे कसे चालावे? क्रायस्लरने आपले इंजिन घालून पाहिले, ते काही केल्या बसेना. १९६७ मध्ये टायगर बंद पडली. घण मारून का होईना, पण टायगरचा तोल बऱ्यापैकी जमला होता, हे लक्षात ठेवावे.

ॲबिंग्डनला हे भाग्य लाभले नाही. बाहेरचे इंजिन घेण्याचा प्रश्नच नव्हता. सासूबाईंनी दिले ते घ्यायचे. ऑस्ट्रेलियात ‘बी’ मालिकेतूनच वाढवलेले सहा सिलिंडरांचे एक हलके इंजिन होते, त्याचाही विचार झाला आणि मागे पडला. अखेरीस हाती आले ते २९१२ घनसेंटिमीटरचे, सहा सिलिंडर एका रांगेत असलेले, अस्सल बिडाचे इंजिन. ऑस्टिन ३-लिटर नावाच्या भारदस्त घरगुती मोटारीसाठी त्याची नव्याने आखणी झाली होती. क्रँकला पूर्वी चार बेअरिंगे होती, ती आता सात झाली. इंजिन पूर्वीपेक्षा जरा आखूड आणि हलके झाले खरे, पण एम्.जी.बी.च्या मूळ इंजिनाहून ते २०९ पौंड, म्हणजे सुमारे ९५ किलो, जडच भरले. एक धट्टाकट्टा गृहस्थ कायमचा बॉनेटखाली बसवून द्यावा, असाच हा प्रकार.

आता एनेव्हरच्या माणसांचे हाल सुरू झाले. इंजिन लांब, म्हणून रेडिएटर पुढे ढकलावा लागला. इंजिन उंच, म्हणून बॉनेटला फुगवटा आला. त्यातूनही एक कार्ब्युरेटर वर येतो म्हणून फुगवट्यावर आणखी एक टेंगूळ आले. इंजिनाखालचे तेलाचे चेंबर पुढच्या आडव्या पोलादी दांड्यावर आदळे, आणि एम्.जी.बी.च्या पुढच्या स्प्रिंगा तर त्या दांड्यावरच बसलेल्या. म्हणून तो दांडा गेला, स्प्रिंगा गेल्या, आणि त्यांच्या जागी पीळ खाऊन धक्का सोसणाऱ्या लांब पोलादी सळ्या आल्या. त्यांची मागची टोके थेट बैठकीखाली, जमिनीच्या पत्र्याशी जखडलेली. चाके मोठी झाली. पुढचा भार वाढल्याने स्टिअरिंग जड होणार, ते हलके राहावे म्हणून त्याच्या दात्यांचे प्रमाण बदलले. साहजिकच तेवढेच वळण घेण्यासाठी चाक पूर्वीपेक्षा जास्त फिरवावे लागू लागले. एक बटण चुकीच्या काजात गेले की सदरा शेवटपर्यंत वाकडाच लागतो, तसे झाले. यातली प्रत्येक युक्ती स्वतंत्रपणे पाहिली तर हुशारीची होती, हे आवर्जून सांगायला हवे. ॲबिंग्डनच्या कारागिरीत खोट नव्हती. खोट होती ती आधी झालेल्या निवडीत.

१९६७ च्या ऑक्टोबरात लंडनच्या प्रदर्शनात ही एम्.जी.सी. लोकांपुढे आली. शक्ती १४५ अश्वांची, वेग ताशी १२० मैलांच्या घरात. हीच गाडी ऑस्टिन-हीली या नावानेही विकावी असा वरिष्ठांचा बेत होता. पण डोनाल्ड हीलीने आपले नाव तिला देण्यास साफ नकार दिला. पत्रकारांनी गाडी चालवून पाहिली आणि झोडपली. नाक जड, वळणावर आळशी, इंजिन सुस्त, असे अभिप्राय छापून आले. चाचणीसाठी दिलेल्या गाड्यांच्या पुढच्या टायरांत हवा कमी होती, असेही मागाहून सांगण्यात आले. तसे असेलही. पण पहिला बोल एकदा छापला गेला की मग खुलाशाला कोण विचारतो? १९६९ मध्ये, नऊ हजारांच्या आसपास गाड्या निघाल्यावर, एम्.जी.सी. बंद झाली. उरलेला साठा लंडनच्या एका विक्रेत्याने उचलला आणि रंगरंगोटी करून हळूहळू खपवला.

इथवरची कथा दुखण्याची झाली. औषध कुठे होते? ते आधी अमेरिकेत होते आणि मग, गंमत अशी की, घरातच आले.

जनरल मोटर्सच्या ब्युइक शाखेने १९६१ च्या गाड्यांसाठी साडेतीन लिटरचे, आठ सिलिंडरांचे एक इंजिन काढले. सिलिंडरांच्या चार-चारच्या दोन रांगा इंग्रजी व्ही अक्षरासारख्या तिरक्या ठेवलेल्या, म्हणून त्याला व्ही-८ म्हणतात. त्याचे वैशिष्ट्य असे की ते जवळजवळ सगळे ॲल्युमिनियमचे होते. लहान, आटोपशीर आणि आश्चर्य वाटावे इतके हलके. पण ॲल्युमिनियमचे ओतीव काम महाग पडे, पुष्कळ नग वाया जात, आणि रेडिएटरमध्ये योग्य द्रव न घालणाऱ्या गिऱ्हाइकांच्या हाती इंजिनाचे आतले मार्ग खराब होत. इकडे पातळ भिंतींचे बिडाचे इंजिन ओतण्याची कला सुधारली. झाले, १९६३ नंतर अमेरिकेने हे इंजिन टाकून दिले.

त्याच हिवाळ्यात, १९६४ च्या सुरुवातीस, इंग्लंडातल्या रोव्हर कंपनीचा कार्यकारी संचालक विल्यम मार्टिन-हर्स्ट आपली इंजिने बोटींसाठी खपतील का हे पाहायला अमेरिकेतील विस्कॉन्सिन राज्यात मर्क्युरी या बोटींची इंजिने करणाऱ्या कंपनीत गेला होता. विकायला गेलेला हा गृहस्थ तिथे विकत घेण्याजोगी वस्तू पाहून थबकला. कार्यशाळेच्या जमिनीवर एक ब्युइक व्ही-८ पडलेले होते. त्याने मापे घेतली, आणि आपल्या गाडीत ते बसेल हे त्याला दिसले. टाकून दिलेले इंजिन कुणी मागतो आहे, यावर जनरल मोटर्सच्या अधिकाऱ्यांचा आधी विश्वासच बसेना. अखेर १९६५ च्या जानेवारीत परवाना मिळाला. निवृत्तीला आलेला ब्युइकचा इंजिनतज्ज्ञ जो टर्ले मदतीसाठी इंग्लंडला आला. रोव्हरने ओतण्याची रीत बदलली, सिलिंडरांचे लोखंडी अस्तर ओतताना आत न घालता मागाहून दाबून बसवले, आणि १९६७ पासून हे इंजिन रोव्हरच्या थोराड गाड्यांत, १९७० पासून रेंज रोव्हरमध्ये धावू लागले. याच घराण्यातल्या ओल्ड्समोबिल कंपनीच्या ॲल्युमिनियमच्या ठोकळ्यावर ऑस्ट्रेलियाच्या रेप्को कंपनीने शर्यतीचे इंजिन बांधले आणि त्यावर जॅक ब्रॅबहॅम १९६६ चा जगज्जेता झाला. स्वतःच्याच नावाच्या गाडीतून जगज्जेता झालेला तो आजवरचा एकमेव चालक. भंगारात निघालेल्या मालाची ही कामगिरी!

१९६८ साली इंग्लंडातल्या बहुतेक मोटार कंपन्या एकत्र करून ब्रिटिश लेलँड हा अजस्र संसार थाटण्यात आला. रोव्हर त्यात, एम्.जी. त्यात, आणि एम्.जी.ची जुनी वैरीण ट्रायंफही त्यातच. म्हणजे ज्या घरात जड नाकाची एम्.जी.सी. तोंड लपवून बसली होती, त्याच घराच्या दुसऱ्या खोलीत हलके व्ही-८ इंजिन तयार होत होते. सिलिंडर आठ असूनही त्याचे वजन एम्.जी.बी.तल्या चार सिलिंडरांच्या बिडाच्या इंजिनाच्या आसपासच भरे. मधले दार उघडण्याचे मात्र कुणी मनावर घेईना. मोठ्या एकत्र कुटुंबांत कोठीच्या किल्ल्यांवरून काय चालते हे ज्यांनी पाहिले आहे, त्यांना याचे नवल वाटणार नाही. ट्रायंफने तर १९७० साली आपल्या स्टॅग गाडीसाठी स्वतःचे वेगळेच व्ही-८ बनवले आणि ते तापण्याबद्दल पुढे बदनाम झाले. शेजारच्या चुलीवर तयार भाकरी असताना यांनी वेगळे पीठ मळले ते असे.

दार उघडले ते बाहेरच्या माणसाने. केन कॉस्टेलो हा मिनी गाड्या शर्यतीत पळवणारा, केंट परगण्यात लहानसे गॅरेज चालवणारा माणूस. त्याने १९७० च्या सुमारास एम्.जी.बी.त हे ॲल्युमिनियमचे व्ही-८ बसवून दाखवले. पुढचा दांडा त्याच जागी राहिला, स्प्रिंगा त्याच राहिल्या, रेडिएटरपुढे नाक लांबवावे लागले नाही. कार्ब्युरेटर इंजिनाच्या डोक्यावर असल्याने बॉनेटला फुगवटा मात्र द्यावा लागला. क्लच मजबूत केला आणि मागच्या आसाचे दाते बदलले. वजनाचा तोल होता तसाच राहिल्यामुळे बाकी काही मोडतोड करण्याचे कारणच उरले नाही. एम्.जी.सी.च्या वेळी एका चुकीतून दहा दुरुस्त्या निघाल्या होत्या. इथे एका बरोबर निवडीने त्या दहाही वाचल्या. गिऱ्हाइके येऊ लागली, मोटारींच्या मासिकांनी कौतुक केले. लेलँडच्या वरिष्ठांनी त्याची गाडी मागवून पाहिली, चालवून पाहिली, आणि मग ॲबिंग्डनला हुकूम गेला: अशी गाडी तुम्हीच करा.

ज्या लोकांनी सहा सिलिंडरांच्या बोज्याखाली इतका घाम गाळला होता, त्यांना हे काम म्हणजे माहेरपणच वाटले असावे. त्यांनी कॉस्टेलोच्याही पुढे जाऊन बॉनेटचा फुगवटा घालवला. कार्ब्युरेटर इंजिनाच्या डोक्यावरून काढून मागच्या बाजूला, आतल्या पत्र्याजवळ खाली बसवले. आतल्या पंखांना जरा जागा करून दिली, रेडिएटरपुढे विजेचे दोन पंखे लावले, ब्रेकच्या तबकड्या जाड केल्या. बाहेरून पाहणाऱ्याला व्ही-८ या लहानशा खुणेवाचून काही कळू नये! १९७३ च्या ऑगस्टमध्ये एम्.जी.बी. जीटी व्ही-८ विक्रीला आली. तिची शक्ती १३७ अश्वांची होती, म्हणजे कागदावर एम्.जी.सी.पेक्षा आठांनी कमीच. तरीही वेग ताशी १२५ मैलांच्या आसपास, आणि वळणावर तिचे नाक चालकाचे ऐकत होते. मोटारींचा हिशेब नुसत्या अश्वांच्या मोजणीने करणाऱ्यांनी हे दोन आकडे शेजारी शेजारी लिहून ठेवावेत.

एवढे होऊनही घरच्यांचे मन काही पूर्ण उघडले नाही. कॉस्टेलो बिनछपराच्या गाडीतही हे इंजिन बसवून देत होता. कारखान्याने मात्र फक्त छपराची गाडी काढली. अमेरिकेत, जिथे गिऱ्हाईक खरे मोठे, तिथे ती पाठवलीच नाही. डाव्या हाताच्या स्टिअरिंगच्या सात गाड्या नमुन्यादाखल बांधल्या आणि बात संपली. किंमत इतकी ठेवली की तेवढ्या पैशांत फोर्डची मोठी कॅप्री घेऊन वर खिशात काही उरावे. त्यातच ऑक्टोबर १९७३ मध्ये पश्चिम आशियातले युद्ध पेटले, तेलाचे भाव चौपट झाले, आणि आठ सिलिंडरांची गाडी म्हणजे चैनीचे पाप ठरले. नवी गाडी जेमतेम दोन महिन्यांची होती. १९७६ पर्यंत ती कशीबशी निघत राहिली. एकूण २,५९१ गाड्या झाल्या आणि तो अध्याय मिटला. औषध बरोबर होते, पण ते चार-पाच वर्षे आधी द्यायला हवे होते. एम्.जी.सी. पहिल्यांदाच या इंजिनाने निघाली असती तर, हा विचार मनात आल्याशिवाय राहत नाही. मात्र १९६७ साली रोव्हर आणि एम्.जी. ही दोन वेगळी घरे होती, हेही न्यायाने सांगितले पाहिजे.

ॲबिंग्डनच्या लोकांनी १९७९ च्या सप्टेंबरात आपल्या कारखान्याचा सुवर्णमहोत्सव साजरा केला. गावभर जुन्या गाड्यांच्या मिरवणुका निघाल्या, बँड वाजले. उत्सव आटोपतो न आटोपतो तोच, १० सप्टेंबरला, कारखाना बंद करण्याचा निर्णय जाहीर झाला. घरावरची तोरणे उतरायच्या आत दारात जप्तीचा कागद यावा, तसे ते झाले. मोर्चे निघाले, विनंत्या झाल्या, खरेदीदार पुढे आले आणि मागे सरले. १९८० च्या ऑक्टोबरात फाटक बंद झाले. तोवर एम्.जी.बी. आणि तिच्या बहिणी मिळून पाच लाखांहून अधिक गाड्या त्या फाटकातून बाहेर पडल्या होत्या.

त्या गाड्या मात्र मेल्या नाहीत. त्यांतल्या पुष्कळांच्या मालकांनी पुढे स्वतःच व्ही-८ इंजिने मिळवून आपापल्या आवारात, शनिवार-रविवारी, ती बसवली. मोडीत निघालेल्या रोव्हर गाड्यांतून इंजिने सहज मिळत. ती आत जात होती, एवढ्यावरच अनेकांनी समाधान मानले. हे घरगुती इंजिनबदल आज पुन्हा उलगडून नीट करणे, हा इंग्लंडात जाणत्या मिस्त्रींचा एक स्वतंत्र व्यवसाय झाला आहे. तक्रारी बहुधा ठरलेल्या असतात. गाडी गर्दीत तापते. क्लच दाबला की कुठेतरी घासते. ताशी साठच्या पुढे गेले की जमीन गुणगुणू लागते.

असा मिस्त्री आधी इंजिनाला हात लावत नाही; तो ते कशावर बसले आहे ते पाहतो. आपल्याकडे गॅरेजात ज्याला ‘फाउंडेशन’ म्हणतात, ते इंजिनाचे रबरी टेकू वाटेल तिथे वेल्डिंग करून चिकटवलेले असतात आणि इंजिन अर्धा इंच वर, नाहीतर एकीकडे कललेले असते. गुणगुण येते ती त्यामुळे. गिअरबॉक्सचा कणा आणि मागच्या आसाचा कणा एकमेकांना समांतर हवेत, म्हणजे मधल्या शाफ्टच्या दोन टोकांना असलेले सांधे एकमेकांचा हिसका खोडून काढतात. एक टोक तिरके झाले की प्रत्येक फेऱ्याला हिसका बसतो, आणि मालक बिचारा चाकांचा तोल पुन्हा पुन्हा करून घेत पैसे घालवत राहतो. टेकू कापून, कारखान्याच्या मापाप्रमाणे पुन्हा बसवले की निम्मे आजार जातात.

तापण्याचे कारण पुष्कळदा रेडिएटरमध्ये नसतेच. जळलेला वायू बाहेर नेणारे नळ इंजिनाला आणि सांगाड्याला इतके खेटून गेलेले असतात की बॉनेटखाली भट्टी होते. शेजारून जाणारा स्टिअरिंगचा दांडा आणि क्लचची नळीही भाजून निघते. याला उत्तर मिळाले ते १९९२ मध्ये. एम्.जी.बी.चे सांगाडे मूळच्याच साच्यांवर १९८८ पासून पुन्हा दाबले जाऊ लागले होते. त्यांचाच आधार घेऊन रोव्हर कंपनीने ३.९ लिटरच्या व्ही-८ इंजिनाची आरव्ही-८ ही गाडी काढली. छपराशिवायची! जी १९७३ साली नाकारली होती, ती एकोणीस वर्षांनी मिळाली. १९९५ पर्यंत सुमारे दोन हजार गाड्या झाल्या आणि त्यांतल्या तीन चतुर्थांशांहून अधिक जपानने घेतल्या. या गाडीत ते तापणारे नळ आतल्या पंखांच्या पत्र्यांना भोक पाडून चाकांच्या बाजूने बाहेर काढले होते. ती युक्ती आता जुन्या गाड्यांनाही लावतात. पत्र्याला भोक पाडताना मालकाचा जीव खालीवर होतो, पण काटा मग लाल रेघेकडे जात नाही.

विजेच्या तारांचे जाळे तर जाणता मिस्त्री सरळ उपटून टाकतो. तीन मालकांनी तीन रंगांच्या तारा चिकटपट्टीने जोडलेल्या असतात. त्यातला दोष शोधण्यापेक्षा नवे जाळे घालणे स्वस्त पडते. आणि ब्रेक! गाडीचा जोर दीडपट केलेला असतो, पण ती थांबवणाऱ्या तबकड्या जुन्याच असतात. ही उणीव ध्यानात येईपर्यंत बहुधा कुठले तरी कुंपण पडलेले असते.

एम्.जी.सी.लाही या काळात न्याय मिळाला, तो निराळ्या वाटेने. तिच्या चाहत्यांनी ते सहा सिलिंडरांचे जड इंजिन फेकून दिले नाही. चांगले टायर, स्टिअरिंगला कमी फेऱ्यांत वळणारे दाते, पुढच्या चाकांना जोडणारी जरा जाड सळई, आणि सिलिंडरांच्या डोक्यातले वायूचे मार्ग गुळगुळीत करून घेतले की ही गाडी लांबच्या मोकळ्या रस्त्याला फार छान लागते, असे ते सांगतात. डाउन्टन नावाच्या एका लहान कार्यशाळेने हे इंजिन सुधारण्याचे काम तर गाडी विक्रीला होती त्या काळातच करून दाखवले होते. इंग्लंडचे सध्याचे राजे तिसरे चार्ल्स हे केंब्रिजला शिकत होते तेव्हा त्यांच्याकडे एक निळी एम्.जी.सी. जीटी होती. पत्रकारांनी झोडपलेली ती गाडी त्यांनी विकली नाही. पुढे ती थोरल्या मुलाला, विल्यमला दिली.